बी.ए. झालंय, आता स्पीच थेरपीत थेट मास्टर्स करता येईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. बारावी विज्ञान, पीसीबी घेऊन, ५८ टक्के. नंतर सोलापुरातच बी.ए. मानसशास्त्र. आता वय चोवीस, कर्णबधिर मुलांच्या शाळेत मदतनीस म्हणून काम करता. घरी कन्नड, बाहेर मराठी. मुलांबरोबर राहून स्पीच थेरपीची ओढ लागली आणि आता त्यातच मास्टर्स करायचंय. इंटरनेटवर वाचलं की कुठल्याही शाखेचा पदवीधर काही जादा विषय करून मास्टर्सला जाऊ शकतो. मैत्रिणीने एका वर्षाच्या ऑनलाइन डिप्लोमाची जाहिरात पाठवली. यातलं खरं काय, किती वर्षं जातील, आणि तोवर शाळेत थेरपी दिली तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय.

मी सोलापुरात याच क्षेत्रात बरीच वर्षं काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. भारतात बी.ए. मानसशास्त्रावर स्पीच लँग्वेज पॅथॉलॉजीच्या, म्हणजे आपण जिला स्पीच थेरपी म्हणतो तिच्या, मास्टर्सला प्रवेश मिळत नाही. तुम्ही वाचलंत तेही खोटं नाही, पण ते अमेरिकेबद्दलचं आहे. तिथे या व्यवसायात शिरायचं ते मास्टर्सला. आपल्याकडे शिरायचं ते पदवीलाच, बारावीनंतर. त्यामुळे तुमच्यापुढचा खरा प्रश्न असा आहे की पुन्हा पहिल्या वर्षाच्या बाकावर बसायची तयारी आहे का. ती असेल तर तुमच्याकडे बारावीचं पीसीबी आहे, म्हणजे वाट बंद झालेली नाही. कला किंवा वाणिज्य शाखेतून बारावी झालेल्यांना मला हे सांगता येत नाही.

आपल्याकडे हे क्षेत्र भारतीय पुनर्वास परिषदेच्या, म्हणजे आरसीआयच्या, अखत्यारीत येतं. १९९२ चा कायदा आहे. त्यांची मान्यता असलेली मूळ पदवी म्हणजे बीएएसएलपी, बॅचलर इन ऑडिओलॉजी (म्हणजे ऐकण्याचं शास्त्र) अँड स्पीच लँग्वेज पॅथॉलॉजी. चार वर्षांची: तीन वर्षं वर्ग आणि क्लिनिक, चौथं वर्ष इंटर्नशिप. ती झाली की आरसीआयच्या केंद्रीय नोंदवहीत नाव लागतं, सीआरआर क्रमांक मिळतो आणि तुम्ही स्वतंत्रपणे काम करू शकता. मास्टर्स नसलं तरीही. हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. ‘मास्टर्सशिवाय क्लिनिक टाकता येत नाही’ असं समजून लोक सुरुवातच करत नाहीत.

मास्टर्सला लागते ती हीच पदवी, किंवा आरसीआयने तिच्या बरोबरीची मानलेली जुनी बी.एस्सी. स्पीच अँड हिअरिंग. साधारण ५० टक्क्यांची अट असते, काही संस्था जास्त मागतात, राखीव प्रवर्गाला सवलत असते. इंटर्नशिप प्रवेशाच्या ठराविक तारखेआधी पुरी व्हावी लागते. वर प्रवेशपरीक्षा. मानसशास्त्राची पदवी, बी.एड., अगदी एमबीबीएस, यांपैकी कशानेही ही पायरी ओलांडता येत नाही.

हा नियम विनाकारण आडमुठा आहे असं तुम्हाला वाटू शकतं. मला तसं वाटत नाही. का, ते एका पेशंटवरून सांगते.

पक्षाघात झालेला एक यंत्रमाग कामगार, घरची भाषा तेलुगू, कारखान्यात मराठी. उजवा हात गेलेला, शब्द सापडत नाहीत. घरच्यांची तक्रार एकच: ‘हे बोलत नाहीत, डोक्यावर परिणाम झालाय.’ मी पाण्याचा एक छोटा चमचा दिला, गळ्यावर हलकेच बोटं ठेवली आणि गिळल्यावर ‘आ’ म्हणायला सांगितलं. आवाज ओला, घुरघुरता आला. खोकला मात्र आला नाही. घरचे समाधानाने म्हणाले, बघा, ठसका नाही लागत, नीट पितात. खरी काळजी तिथेच होती. पाणी स्वरयंत्राच्या तोंडाशी रेंगाळतंय आणि शरीर खोकून ते बाहेर टाकत नाहीये, अशी शंका येते. असं अन्नपाणी श्वासनलिकेत उतरत राहिलं तर न्यूमोनिया होतो आणि त्यात माणूस दगावू शकतो. त्या दिवशी बोलण्याचे व्यायाम बाजूला ठेवले. डॉक्टरांशी बोलून आधी खाण्यापिण्याचं बघितलं: बसवायचं कसं, पातळ काय थांबवायचं, पुढची तपासणी कुठली.

त्यानंतर भाषा. मराठीत ‘हे काय?’ विचारलं तर गप्प. मुलाला तेलुगूत विचारायला लावलं तर तीनपैकी दोन वस्तूंची नावं आली. फक्त मराठीत तपासलं असतं तर आजाराची तीव्रता आहे त्यापेक्षा कितीतरी जास्त लिहिली गेली असती.

या अर्ध्या तासात शरीररचना, मेंदूचं कार्य, ध्वनिशास्त्र, भाषाविज्ञान, सगळं वापरलं गेलं. बीएएसएलपीची पहिली वर्षं याच विषयांत जातात, जोडीला श्रवणयंत्रं, तोतरेपणा, आवाजाचे विकार, टाळू फाटलेल्या मुलांचं बोलणं, संख्याशास्त्र. मास्टर्समध्ये हे पुन्हा शिकवत नाहीत, ते येतंच असं धरून पुढे जातात. बी.ए. करून थेट तिथे बसलेला विद्यार्थी पहिल्या महिन्यातच अडेल आणि त्याची किंमत पेशंट मोजेल.

तुमचं मानसशास्त्र वाया जाणार नाही. पालकांशी बोलणं, मुलाचं वागणं वाचणं, संशोधनाची पद्धत, यात तुम्ही अठरा वर्षांच्या वर्गमित्रांच्या पुढे असाल. पण त्यामुळे एखादं वर्ष माफ होईल असं मनात धरू नका.

आता प्रवेश. महाराष्ट्रात बीएएसएलपीच्या राज्य प्रक्रियेतल्या जागा सीईटी कक्षामार्फत नीटच्या गुणांवर भरतात आणि महाविद्यालयं नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न असतात. म्हणजे तुम्हाला नीट द्यावी लागेल. घाबरू नका, एमबीबीएसइतकी चढाओढ इथे नसते, आणि २०२२ पासून नीटला वयाची वरची मर्यादाही नाही. फक्त एक गोष्ट आजच तपासा. तुम्ही लिहिलेले ५८ टक्के एकूण आहेत की पीसीबीचे? प्रवेशासाठी एकूण टक्केवारी बघत नाहीत, या विषयांचे गुण बघतात. भाषांनी वर ओढलेली टक्केवारी असेल तर गुणपत्रिका काढून बेरीज करा. नियमावली दर वर्षी नव्याने निघते, म्हणून मागच्या वर्षी शेजारच्या मुलीला काय लागलं यावर विसंबू नका.

दुसरी वाट मैसूरची. तिथली अखिल भारतीय वाक् आणि श्रवण संस्था, जिला सगळे ‘आयश’ म्हणतात, साठच्या दशकापासून आहे आणि या विषयातली देशातली सगळ्यात मोठी संस्था मानली जाते. त्यांची स्वतःची प्रवेशपरीक्षा असते, बारावी विज्ञानाच्या अभ्यासक्रमावर. तुमच्या बाबतीत मी हिचा आग्रह धरीन, कारण तुम्हाला कन्नड येतं. पहिल्या वर्षापासून क्लिनिकमध्ये पेशंट समोर असतात आणि तिथे बहुतेक कुटुंबं कन्नड बोलतात. मराठी मुलांचा पहिला काळ भाषा शिकण्यात जातो. तुम्ही पहिल्या दिवसापासून आईशी बोलू शकाल. मात्र काही संस्था पदवीच्या प्रवेशाला वयाची अट घालतात, तेव्हा अर्ज भरण्याआधी ती ओळ शोधून वाचा. तुमच्या वयाला ती आड येऊ शकते.

मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, १९८३ पासूनची, आणि नायर रुग्णालयाचं महाविद्यालय आहे. पुण्यात भारती विद्यापीठाचं आहे. सरकारी संस्था आणि अभिमत विद्यापीठ यांच्या फीत कित्येक पटींचा फरक पडतो. चार वर्षांचा हिशोब वसतिगृहासकट मांडा. कुठेही गेलात तरी आरसीआयच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त संस्थांची यादी उघडून तीन गोष्टी बघा: संस्थेचं नाव, अभ्यासक्रमाचं नाव, आणि मान्यता कुठल्या वर्षापर्यंत आहे. मान्यता ठराविक मुदतीची असते. ‘प्रक्रिया चालू आहे’ असं प्रवेश कार्यालयात सांगितलं तर तेच पत्रावर मागा.

शिक्षण इंग्रजीतून होतं. बी.ए. मराठीतून केलं असेल तर पहिलं सत्र जड जाईल, नंतर सवय होते. आमच्या भागातल्या मराठी माध्यमाच्या मुली यात उत्तम टिकल्यात, त्यामुळे माध्यमाच्या भीतीने माघार घेऊ नका.

इथवरचं एका दमात: इथली पदवी चार वर्षं, त्यावर काम करता येतं, मास्टर्स आणखी दोन वर्षं आणि तेही या पदवीवरच. म्हणजे सगळं जुळून आलं तर तिशीच्या आसपास तुमच्या हातात मास्टर्स असेल. हे ऐकायला लांबलचक वाटतं हे मान्य. पण अठ्ठाविसाव्या-एकोणतिसाव्या वर्षी कमाई सुरू होऊ शकते, तेव्हा मधली सहाही वर्षं बिनपगारी धरू नका.

मास्टर्सबद्दल थोडं आधीच सांगते, कारण ही निवड करताना मुलं फक्त शहराचं नाव बघतात. पदवीत कान आणि वाचा दोन्ही एकत्र शिकवतात. मास्टर्सला तीन फाटे फुटतात: नुसती ऑडिओलॉजी, नुसती स्पीच लँग्वेज पॅथॉलॉजी, किंवा दोन्ही एकत्र असलेलं एमएएसएलपी. महाराष्ट्रात त्यासाठी सीईटी कक्षाची वेगळी परीक्षा असते, आयशची आपली वेगळी. पुण्या-मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात नोकरी करायची तर एकाच शाखेत खोल जाणं चांगलं. तिथे शेजारच्या खोलीत ऑडिओलॉजिस्ट बसलेला असतो. सोलापूर, अक्कलकोट, बार्शीकडे काम करायचं असेल तर मी एमएएसएलपी सुचवीन. ‘पोरगं अडीच वर्षांचं झालं, बोलत नाही’ म्हणून आई येते तेव्हा पहिलं काम बोलणं शिकवणं नसतं, ऐकू येतं का ते तपासणं असतं. ते तिथल्या तिथे झालं नाही तर ते कुटुंब दुसऱ्या गावाला तपासणीसाठी जातं आणि बऱ्याचदा परत येतच नाही. मुलाचं वर्ष जातं. ज्या वयात भाषा रुजते त्याच वयातलं ते वर्ष असतं.

माझं मत विचाराल तर पदवीनंतर लगेच मास्टर्सला धावू नका. जिल्हा रुग्णालयातल्या लवकर हस्तक्षेप केंद्रात, शाळेत किंवा एखाद्या क्लिनिकमध्ये थोडं काम करा. प्रबंधाला विषय आपोआप सापडतो. आपल्याकडे तर विषयांची खाण आहे. साखर पेठेतल्या तेलुगू घरातलं मूल मराठी शाळेत ‘भात’ला ‘बात’ म्हणतं. बाईंना तो दोष वाटतो. पण तेलुगूच्या रोजच्या बोलण्यात हे महाप्राण सौम्य होतात, तेव्हा ते घरच्या भाषेचं वळण असतं, उपचाराची गरज नसते. तेच मूल तेलुगूतही क-ग ऐवजी त-द म्हणत असेल तर मात्र बघावं लागतं. हा फरक करायला मराठी, कन्नड, तेलुगू, दखनी अशा घरांतल्या मुलांचा नीट गोळा केलेला नमुना लागतो. ते काम इथल्या माणसानेच करायला हवं आणि तुम्हाला दोन भाषा आधीच येतात.

आता परदेशाचं. अमेरिकेत मानसशास्त्राच्या पदवीधराला खरोखर वाट आहे. ध्वनिविज्ञान, वाचा आणि श्रवणाची शरीररचना, भाषासंपादन, ऑडिओलॉजीची ओळख असे पायाभूत विषय आधी करायचे, काही विद्यापीठं ते एका वर्षात करून घेतात, आणि मग दोनेक वर्षांचं मास्टर्स. शिवाय जीवशास्त्र, भौतिक किंवा रसायनशास्त्र, संख्याशास्त्र आणि एक सामाजिकशास्त्र हे विषय महाविद्यालयीन पातळीवर झालेले लागतात, तुमचं बारावीचं विज्ञान तिथे पुरेलच असं नाही. विद्यार्थी असताना ४०० तासांचं क्लिनिकल काम, त्यातले २५ निरीक्षणाचे. प्रॅक्सिस नावाच्या तिथल्या व्यावसायिक परीक्षेत किमान १६२ गुण. त्यानंतर किमान ३६ आठवड्यांची आणि १,२६० तासांची फेलोशिप, म्हणजे देखरेखीखाली काम, मग तिथल्या राष्ट्रीय संघटनेचं प्रमाणपत्र, आणि राज्याचा परवाना वेगळा. यातलं मास्टर्स तिथल्या मान्यताप्राप्त अभ्यासक्रमातूनच व्हावं लागतं. ऑडिओलॉजीला तर तिकडे मास्टर्स पुरत नाही, डॉक्टरेट लागते.

ब्रिटनमध्येही पदवीधरांसाठी दोन वर्षांचे मास्टर्स आहेत. बाहेर शिकून तिथे नोंदणी करायची असेल आणि इंग्रजी मातृभाषा नसेल तर स्पीच थेरपिस्टला आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत ८ गुण लागतात, एकाही भागात ७.५ पेक्षा कमी चालत नाही. इतर आरोग्य व्यवसायांना ७ पुरतात. आमच्या कामात थेरपिस्टची स्वतःची भाषा हेच हत्यार असतं, म्हणून ही अट मला रास्त वाटते.

तुमच्या घरची ऐपत मला माहीत नाही, म्हणून परदेशाबद्दल हो-नाही म्हणणार नाही. एवढंच सांगते: मोठं कर्ज काढून तिकडे मास्टर्स करून सोलापूरला परतायचा बेत असेल, तर निघण्याआधीच आरसीआयला पत्र लिहून विचारा की मूळ पदवी मानसशास्त्राची असताना या मास्टर्सवर नोंदणी होईल का. उत्तर लेखी हातात आल्याशिवाय पैसे भरू नका. आणि इथे बीएएसएलपी करून नंतर बाहेर जायचं ठरलं, तर पहिल्या सत्रापासून प्रत्येक विषयाचा छापील अभ्यासक्रम आणि क्लिनिकच्या तासांची सही-शिक्क्याची वही जपून ठेवा. इथले तास तिकडे धरतीलच असं नाही, पण पायाभूत विषय झालेत हे दाखवायला अभ्यासक्रमाचे कागद लागतात, आणि काही वर्षांनी विद्यापीठातून ते मिळवताना दमछाक होते.

तिसरी एक वाट आहे, ती तुम्ही विचारलेली नाही, पण तुमचं पत्र वाचून मला तीच आधी सुचली. तुम्हाला नेमकं काय ओढतंय ते बघा. पक्षाघाताचे पेशंट, गिळणं, आवाज, तोतरेपणा हे सगळं करायचंय, की कर्णबधिर मुलांना भाषा यावी हेच मनात आहे? दुसरं असेल तर श्रवणदोष विषयातलं विशेष शिक्षणाचं बी.एड. बघा. दोन वर्षांचं आहे, कुठल्याही शाखेच्या पदवीला साधारण ५० टक्के लागतात, आरसीआयची मान्यता असते आणि विशेष शिक्षिका म्हणून नोंदणी होते. दर्जाने ते कमी नाही. कर्णबधिर मूल थेरपिस्टकडे आठवड्यातून तासभर असतं आणि शिक्षिकेकडे रोज सहा तास. फक्त एवढं पक्कं ठेवा की त्यातून तुम्ही शिक्षिका व्हाल, स्पीच लँग्वेज पॅथॉलॉजिस्ट होणार नाही, आणि पुढे स्पीचच्या मास्टर्सला त्याचा उपयोग होणार नाही.

ऑनलाइन डिप्लोमाचं लवकर आटपते. आरसीआयचा एक वर्षाचा मान्यताप्राप्त डिप्लोमा आहे, डीएचएलएस नावाचा, बारावी विज्ञानावर. तो सहायक तयार करण्यासाठी आहे आणि ते कामही महत्त्वाचं आहे. पण जाहिरातीत ‘घरबसल्या व्हा सर्टिफाइड स्पीच थेरपिस्ट’ असं लिहिलं असेल आणि आरसीआयच्या यादीत नाव नसेल, तर त्या कागदावर सीआरआर क्रमांक मिळणार नाही. नोंदणीशिवाय हा व्यवसाय केल्यास कायद्याच्या तेराव्या कलमात एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. दंडाचा आकडा छोटा दिसतो. पण चुकीच्या हातात मुलाची दोन वर्षं गेली तर ती कुणीच भरून देत नाही, म्हणून मी याबाबत कडक आहे.

राहिला शेवटचा प्रश्न: तोवर शाळेत काय करायचं. ‘थेरपी’ म्हणून सत्रं घेऊ नका, पालकांकडून त्याचे पैसे तर नाहीच. पण एक काम तुम्ही उद्यापासून करू शकता, शाळेच्या ऑडिओलॉजिस्टकडून किंवा विशेष शिक्षिकेकडून एकदा हात बसवून घेतला की. सकाळी मुलं आली की प्रत्येकाचं श्रवणयंत्र चालू आहे का बघायचं. मुलाच्या मागे हातभर अंतरावर उभं राहून सहा आवाज काढायचे: म, ऊ, आ, ई, श, स. नेहमीच्या बोलण्याइतकेच मोठे, क्रम रोज बदलून, मधली शांतता कमीजास्त ठेवून, म्हणजे मूल अंदाजाने हात वर करणार नाही. लहान असेल तर आवाज आला की मणी डब्यात टाकायला शिकवा. ‘म’ हा खालच्या पट्टीचा आणि ‘स’ सगळ्यात वरच्या पट्टीचा, त्यामुळे बोलण्यात लागणारा बहुतेक पल्ला या सहांत तपासून होतो. काल ‘स’ ला मणी टाकणारं मूल आज टाकत नसेल तर आधी बॅटरी बदला, मग कानातल्या साच्यात मळ अडकलाय का आणि नळीत घामाचं पाणी साचलंय का ते बघा. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात घामाचा हा त्रास फार होतो. तरीही ऐकू येत नसेल तर त्याच दिवशी ऑडिओलॉजिस्टला कळवा. मुलाचं नाव, तारीख, कुठला आवाज चुकला, एवढं वहीत लिहीत जा.